दगडांवरची साय

सकाळी साडेसातला तो पातळ भाताची वाटी घेऊन खोलीत आला तेव्हा तिनं तोंड भिंतीकडे केलेलं होतं. सहा महिन्यांत हे असं पहिल्यांदाच झालं होतं. उन्हाळा सरता सरता तिची उजवी बाजू गेली, जीभ गेली, तेव्हापासून तिला कुशीवर वळवायचं म्हणजे दोन माणसांचं काम होतं. एकानं खांद्याला धरायचं, दुसऱ्यानं कमरेला. आणि आज ती एकटीच वळली होती. डावा हात अंगावरून पलीकडे नेऊन तिनं गादीची कड पकडली असणार, आणि आपलंच निम्मं मेलेलं अंग इंच इंच ओढत नेलं असणार. तास तरी लागला असेल. गादीची कड अजून तिच्या मुठीत होती आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. ‘‘उताणी करतो हं,’’ तो म्हणाला. तिनं डोळे मिटून घेतले. त्यानं वाकून चमचा ओठांशी नेला तर दात घट्ट. भात गालावरून ओघळून उशीवर गेला. त्याच्या पाठीमागे खिडकी होती, खिडकीपलीकडे चार पावलांवर हौद होता आणि हौदावर थंडीतलं कोवळं ऊन पडलं होतं. सहा महिने जाग असेल तेवढा वेळ ती त्याच खिडकीतून बाहेर बघत आली होती, वाट बघणारं माणूस रस्त्याकडे बघतं तशी. आता खिडकीला तिची पाठ होती.

नऊ वाजता तिचं अंग पुसायला येणारी मावशी आली. तिनंही चमचा लावून पाहिला, गालाला बोट लावून पाहिलं, लाडीगोडी केली. मग चमचा वाटीत टाकून म्हणाली, ‘‘आजी रुसल्यात.’’

‘‘कुणावर?’’

‘‘घरात तुम्ही आणि मी. मी तर काल आलेच नव्हते.’’ आणि ती चादर बदलायला लागली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तो बाहेर आला आणि हौदाच्या काठावर बसला. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. तळाचा एकेक खडा दिसत होता. ती याला हौद म्हणत नसे, तळं म्हणे. तो हौद म्हणाला की म्हणे, ‘‘हौद तुमच्या ऑफिसात.’’ लेक शिकायला परगावी गेली त्या वर्षी घर एकदम रिकामं झालं, आणि एके दिवशी तो कामावरून आला तर ही साडीचा पदर खोचून मागच्या बागेत खणत होती. त्याला वाटलं, झाड लावत असेल. पण खड्डा थांबेना. दहा फूट लांब, सात फूट रुंद, एका अंगाला गुडघाभर, दुसऱ्या अंगाला मांडीभर. दगड तिनं स्वतः बसवले, वेडेवाकडे, म्हणून ते अजून टिकले. त्यात एक पाणकमळाचं कुंडं, कडेनं लव्हाळं आणि अकरा तांबडे मासे. त्यातला सगळ्यात जुना, शेपटीला खाच असलेला, खाणं टाकलं की बाकीच्यांना ढकलून पुढे यायचा. त्याचं नाव तिनं सासूबाई ठेवलं होतं. ‘‘सासूबाई आल्या, पानं वाढा,’’ असं ती ओरडायची, आणि तो आतून म्हणायचा, ‘‘निदान मेलेल्या माणसाला तरी सोड.’’ ‘‘मेल्या कुठं? या बघा, जेवतायत.’’

त्याला मात्र त्या पाण्यात हात घालायची बंदी होती. चौतीस वर्षं तो गावाला पाणी पुरवणाऱ्या केंद्रावर होता, क्लोरीनच्या खोलीत. गावातल्या प्रत्येक घोटात त्याचा हात होता, असं तो लग्नाकार्यात चार माणसांत म्हणायचा. पण तो वास कातडीत मुरला होता. साबण लावा, माती लावा, जात नसे. तो हौदाजवळ आला की ती आधी त्याचं मनगट धरून हात हुंगायची, नाक मुरडायची आणि ढकलून द्यायची. ‘‘पाणीवाले, लांबून बघा. तुमच्या हाताला मासे भितात.’’ भरीला पाणी लागलं तर ते नळाचं सरळ टाकायचं नाही. पिंपात दोन दिवस उघडं ठेवून शिळं करायचं, मग टाकायचं. हा जन्मभर गावाला ताजं पाणी देणारा, आणि घरात बायको पाणी शिळं करत बसलेली. केंद्रावर त्यानं हे सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. आणि काम झालं की ती आपले ओले हात त्याच्या शर्टालाच पुसायची, आधी तळवे, मग उलटे. ‘‘टॉवेल आहे ना,’’ तो म्हणायचा. ‘‘तुम्ही आहात ना,’’ ती म्हणायची. इतकी वर्षं झाली, पण ती हे का करते असं त्यानं कधी विचारलं नाही. आता विचारायचं ठरवलं तर सांगायला तिच्याकडे जीभ नव्हती.

तिचं वर्ष त्या पाण्यावर चालायचं. उन्हाळ्यात पाणी हिरवं व्हायचं. ती म्हणायची होऊ दे, कमळाची पानं पसरली की आपोआप निवळेल. पावसात काठ भरून वाहायला लागला की ती चाळणी घेऊन उभी, एखादं पिल्लू वाहून जाऊ नये म्हणून. पानगळीला रोज सकाळी वाकून वरची पानं काढायची, पण तळाचा गाळ निम्मा तसाच ठेवायचा. आणि थंडी पडली की काहीही करायचं नाही. खाणं बंद. मासे तळाशी जाऊन बसत, आणि ती काठावर नुसती बसून राही. ‘‘थंडीत मासा वर आला की समजायचं, त्याचं काही खरं नाही,’’ ती म्हणायची. हे सगळं तिनं त्याला वर्षानुवर्षं सांगितलं होतं. खरं तर त्याला नव्हे, पाण्याला सांगितलं होतं, तो शेजारी वर्तमानपत्र वाचत असताना. पालथ्या घड्यावर पाणी, तरी घड्याची बाहेरची बाजू थोडी ओली राहतेच. त्या ओलीवर त्यानं पावसाळा काढला. चाळणी घेऊन छत्रीखाली उभा राहिला, खिडकीकडे बघून चाळणी उंच करून दाखवली, आणि तिच्या तोंडाची शाबूत बाजू थोडी हलली. ते हसू त्यानं चार महिने पुरवून पुरवून वापरलं.

मग पाऊस संपला, पानं गळायला लागली आणि पाणी डाळीच्या वरणासारखं गढूळ झालं. मासे दिसेनात. ती खिडकीतून बघत राही, डोळ्यांतून पाणी गळे. डॉक्टर म्हणाले होते, एका बाजूची पापणी नीट मिटत नाही म्हणून गळतं. त्याला वाटलं, मासे दिसत नाहीत म्हणून गळतं. हे तो स्वतःला सांगत होता. पण काठावर बसल्या बसल्या, बुडाला दगडाची थंडी लागत असताना, दुसरं एक खरं हळूहळू वर येत होतं. वीस वर्षं त्याला या पाण्याला हात लावू दिला नव्हता आणि आता ते त्याच्या ताब्यात आलं होतं. शुद्ध पाणी म्हणजे काय ते सगळ्या गावाला कळलं, फक्त त्याच्या बायकोला कळलं नव्हतं. तो तिला दाखवणार होता. तिच्यासाठी केलं हे जितकं खरं, तितकंच दाखवायला केलं हेही खरं होतं, आणि कुठलं किती होतं ते आता वेगळं काढता येत नव्हतं.

आणि त्यानं काम कसं चोख केलं. पिंपं भरून दोन नव्हे, चार दिवस पाणी शिळं केलं. केंद्रावरून निवृत्त होताना आणलेली थेंबांची बाटली काढली, काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पिवळं होतं, झालं नाही. मासे टबात काढले. हौद उपसला, गाळ सगळाच्या सगळा काढला, आणि मग गुडघ्यावर बसून तारेच्या ब्रशानं एकेक दगड घासला. दगडांवर वीस वर्षांची बुळबुळीत हिरवी साय होती. ती निघाली तेव्हा खालचे दगड नव्यासारखे निघाले, निळसर, काही तर लालसर. दगड लाल आहेत हे त्याला माहीतच नव्हतं. संध्याकाळपर्यंत हौद भरला आणि मासे सोडले. त्या स्वच्छ पाण्यात अकराच्या अकरा मासे दिसत होते, अगदी खवल्यांसकट. तो भिजलेला, कंबर धरून, खिडकीशी आला आणि काचेवर टकटक केली. ती बघत होती. डावा हात वर झाला होता. तिला आनंद झाला असं त्याला वाटलं. तो हात कशासाठी वर झाला होता, हे आता त्याला कळत होतं. रस्त्यात एखादं पोर गाडीपुढे धावलं की आपला हात तसा वर होतो.

पहिला मासा तिसऱ्या दिवशी उलटा झाला. मग रोज एक, कधी दोन. सासूबाई सगळ्यात शेवटी, दहाव्या दिवशी. त्यानं पडदा ओढून घेतला, ‘‘वारा बोचरा आहे’’ म्हणाला, आणि रोज सकाळी मावशी यायच्या आधी बागेच्या मागच्या भिंतीशी खुरप्यानं लहान लहान खड्डे केले. मग बस बदलून गावाच्या दुसऱ्या टोकाला, माशांच्या दुकानात गेला. दुकानदार काचेच्या उबदार पेट्यांमधून जाळी फिरवत म्हणाला, ‘‘काका, रंग सांगा, माप सांगा. चेहरे जुळवून कशाला बघताय? लग्न लावायचंय का?’’ त्यानं चेहरेच जुळवून अकरा घेतले. एकाच्याही शेपटीला खाच नव्हती. घरी येऊन त्यानं तिच्या शिवणाच्या डब्यातली लहान कात्री काढली, ओल्या फडक्यात तो सगळ्यात मोठा मासा धरला, आणि डोळे बारीक करून, जिथं होती तिथं, तेवढी खाच कापली. मासा ओरडत नाही. मुठीत मात्र एक झटका बसला, तो अजून कधी कधी मुठीत बसे, चहाचा कप धरताना, दाराची कडी लावताना. मग त्यानं पडदा उघडला.

महिना तसा गेला. झाकली मूठ. मासे पोहत होते, ती बघत होती, निम्मी वाटी तरी खात होती. तो रोज दोन चिमटी खाणंही टाकत होता, कारण नवे मासे थंडीतही खायला येत. दुकानाच्या उबेतून आलेल्यांना थंडी कुठली माहीत. आणि काल दुपारी चारला तो मोठा मासा अगदी वर, पाण्याच्या कातडीला लागून, किंचित कलून फिरताना त्याला दिसला. तो इतका खूश झाला की खिडकी उघडून म्हणाला, ‘‘बघ, बघ, सासूबाई वर आल्या.’’

ती त्या माशाकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे बघितलं. आणि रात्रीचं जेवण घेतलं नाही.

आता काठावर बसल्यावर त्याला दिसलं. खाचेच्या कडेला कापसासारखा बुरशीचा एक पांढरा पुंजका धरला होता. मासा खात नव्हता, श्वास घ्यायला वर आला होता. थंडीत वर आलेला मासा. तिला ते काल एका नजरेत कळलं होतं. खरं म्हणजे तिला महिनाभर सगळंच कळत होतं. थंडीत तळाशी न जाणारे मासे तिचे नव्हेत, हे न कळायला ती काही तो नव्हती. ती महिनाभर त्याची लबाडी गिळत होती, भाताबरोबर, चमच्या चमच्यानं, त्याच्यासाठी. काल त्यानं त्या मरणाऱ्याला सासूबाई म्हणून हाक मारली आणि तिचं गिळणं संपलं.

शनिवारी डॉक्टर आले. नाडी बघितली, कातडी चिमटीत धरून बघितली. ‘‘गिळता येतंय त्यांना. गिळायचं नाहीये,’’ ते म्हणाले. ‘‘सोमवारपर्यंत तोंडानं घेतलं तर ठीक. नाहीतर नाकातून नळी.’’ लेकीचा फोन आला. ‘‘बाबा, मी सोमवारी येतेय. नळी घालायचीच तर इकडच्या हॉस्पिटलात घालू. मग आई माझ्याकडेच राहील. तुम्हाला एकट्याला झेपत नाहीये.’’ तो म्हणाला, ‘‘झेपतंय.’’ ‘‘मग जेवत का नाही ती?’’ यावर त्यानं काय सांगावं? मी तुझ्या आईचे दगड घासले, हे? फोनवर बोलण्यासारखं ते वाक्य नव्हतं. ‘‘बघतो,’’ तो म्हणाला. ‘‘बघताय कधीपासून,’’ लेक म्हणाली, आणि मग तिलाच वाईट वाटून म्हणाली, ‘‘तुम्ही जेवलात का?’’

त्या दुपारी हात धुताना, कसलंही निमित्त नसताना, त्याला जुना फोरमन आठवला. नोकरीचं पहिलं वर्ष. तेव्हा केंद्रावर मोठी यंत्रं नव्हती, वाळूचे मोठाले हौद होते, पाणी वरून सोडायचं आणि वाळूतून झिरपून खाली येऊ द्यायचं. वाळूवर एक बुळबुळीत थर धरायचा. हा नवा, उत्साही, फावडं घेऊन तो खरवडायला धावला, तर फोरमननं मनगट धरलं. ‘‘घाण समजतोस होय रे? ही साय आहे. पाणी आपण नाही साफ करत, ही करते. आपण नुसते पगार घेतो.’’ कधी खरवडावीच लागली तर पुढचे कित्येक दिवस त्या हौदाचं पाणी गावाला द्यायचं नाही, गटारात सोडायचं, साय पुन्हा धरेपर्यंत. हे त्याला माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं, नंतरच्या पोरांना शिकवलंही होतं. मग यंत्रं आली, क्लोरीन आला, हौद बुजले, आणि जे हाताला कळलेलं होतं ते हातातून गेलं. न कळून झालं असतं तर माणूस कपाळाला हात लावून मोकळा होतो. हे कळत असून झालं होतं. तो नळ तसाच वाहता ठेवून उभा राहिला. तळव्यांना अजून तो वास येत होता, की नुसता आठवत होता, सांगता येईना.

रविवारी मावशी येत नाही. तिसरा दिवस. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, कापूस ओला करून तो लावत होता तेवढंच. दहाच्या सुमाराला तो बाहेर गेला. मोठा मासा आता काठाशी आडवा पडून होता, एक कल्ला पाण्याबाहेर. त्यानं शिळ्या पाण्याची बादली घेतली, त्यात, मासा आजारी पडला की ती टाकायची तसं, मूठभर खडेमीठ विरघळवलं आणि मासा ओंजळीनं उचलून बादलीत सोडला. इतक्या वर्षांत मासा वाचवायला म्हणून त्या पाण्यात त्यानं उघडे हात पहिल्यांदाच घातले होते. बादली घेऊन तो खोलीत आला. भाड्यानं आणलेला दवाखान्याचा पलंग भिंतीला चिकटलेला. त्यानं पायथ्याला धरून ओढला. पलंग कुरकुरला, ती हादरली, डोळे उघडले. भिंत आणि पलंग यांच्यामध्ये दीड हात जागा झाली. त्या फटीत त्यानं स्टूल ठेवलं, स्टुलावर बादली ठेवली, आणि स्वतः जमिनीवर बसला, गुडघे पोटाशी घेऊन, पाठ भिंतीला. आता तिचं तोंड आणि त्याचं तोंड यांच्यात हातभर अंतर होतं आणि मध्ये मासा.

‘‘ही सासूबाई नाही,’’ तो म्हणाला. ‘‘तुला माहितीय. सांगायचं म्हणून सांगतो. तुझे अकराच्या अकरा मी घालवले. दगड घासले मी. भिंतीशी पुरलेत. हिची शेपटी मी कापली, तुझ्या कात्रीनं. कात्री धुऊन ठेवलीय.’’ कात्रीचं कशाला सांगितलं, त्यालाही कळलं नाही. ती बघत होती. आजवर त्यानं तिच्या डोळ्यांत राग पाहिला होता, कंटाळा पाहिला होता, पण असं काही पाहिलं नव्हतं. जणू ती फार लांबून त्याला ओळखायचा प्रयत्न करत होती. मग मासा बादलीत उलटा झाला, पांढरं पोट वर. आणि तिचा डावा हात गादीची कड सोडून हलला. हळूहळू बादलीच्या काठावर आला, काठावरून पाण्यात गेला, आणि तिनं तळवा माशाखाली धरून त्याला सरळ केलं. पाण्यातच, न उचलता, बाळाची मान धरावी तसं. कल्ला उघडला. मिटला. उघडला.

ती आता त्याच्याकडे बघत नव्हती, माशाकडे बघत होती, आणि बघता बघता तिचं तोंड जरासं उघडं राहिलं. पलंगाच्या हँडलला हात पुरत होता; त्यानं दोन वेढे देऊन डोक्याकडची बाजू उचलली, पाठीशी उशी दाबली. सकाळी तिनं नाकारलेली भाताची वाटी खाटेखालीच होती, अजून कोमट. अर्धा चमचा घेतला आणि उघड्या ओठांत सोडला. घसा हलला. तिला कळलंही नसावं. लेक लहान असताना ती अशीच भरवायची, चिमणी दाखवून. तेव्हा तो म्हणायचा, ‘‘फसवून भरवू नये पोरांना.’’ दुसरा चमचा. कल्ला उघडला, मिटला. तिसरा. त्याची एक नजर तिच्या घशावर आणि एक कल्ल्यावर होती. हा मासा संध्याकाळ बघणार नाही, कदाचित वाटीही संपू देणार नाही, हे त्याला दिसत होतं. जेवढा वेळ तो श्वास घेईल तेवढा वेळ ती गिळेल. त्यानं आयुष्यात कशासाठी हात जोडले नव्हते; आता दोन्ही हात गुंतलेले असताना तो एका कापलेल्या, दुकानातून आणलेल्या माशापुढे मनातल्या मनात गयावया करत होता. घे. अजून एक घे. चौथा. पाचवा. घाई केली तर ठसका लागेल, उशीर केला तर हा जाईल. सहावा. आणि तेवढ्यात, लाज वाटावी असं, त्याच्या मनात येऊन गेलं की हौदात अजून दहा आहेत.

आठव्या चमच्याला कल्ला उघडला आणि मिटला, आणि मग उघडला नाही. त्याच्या आधी ते तिच्या तळव्याला कळलं. ती थोडा वेळ तशीच धरून राहिली, त्याला वाटलं आता उघडेल, तिलाही वाटत असावं. मग तिनं हात काढून घेतला. मासा सावकाश कलला. तिच्या बोटांवरून पाणी गळत होतं, गादीवर, त्याच्या गुडघ्यावर. तो चमचा धरून बसला होता, नववा, भरलेला. तिनं त्याचं मनगट धरलं. चमचा सांडला. तिनं तो हात नाकाशी नेला आणि हुंगला, पूर्वी हुंगायची तसा, आणि नाक मुरडून ढकलून दिला. मग आपला ओला हात त्याच्या शर्टाच्या छातीवर आणला आणि पुसला. आधी तळवा, मग, मनगट वळवायला फार कष्ट पडले तरी, उलटा.

त्यानंतर तिनं डोळे मिटले. ओठही मिटले. वाटीत अर्ध्याहून जास्त भात उरला होता, सोमवार उद्या होता, आणि शर्ट छातीला गार लागत होता. त्यानं एकदा म्हणून पाहिलं, ‘‘खिडकीकडे करू का तुला?’’ ती हलली नाही. तोंड तिनं भिंतीकडेच ठेवलं. पण भिंतीच्या अलीकडे आता तो होता, आणि पलंग पुन्हा सरकवेपर्यंत त्याला त्या फटीतून उठायला जागा नव्हती.